मदत हवी आहे: चार्ल्स्टनच्या व्हरांड्याचं निळं छत

मंडळी, अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरातल्या जुन्या 'सिंगल हाउस'ची (एकच खोली रुंद असलेल्या घराची) गंमत ठाऊक असेलच: रस्त्यावरचं ऐटबाज दार उघडलं की माणूस घरात नाही, पियाझात, म्हणजे लांबलचक व्हरांड्यात येतो. त्याचं छत फिकट निळं, 'हेंट ब्लू' (हेंट म्हणजे भूत). तिथल्या आफ्रिकी वंशाच्या गल्ला गीची समाजाच्या समजुतीप्रमाणे भुतं त्याला पाणी समजतात आणि ओलांडत नाहीत. (गांधीलमाश्याही फसतात म्हणे.)

भुतांचं जमलंय, रंगाचं नाही. छताच्या लाकडी पट्ट्यांवर पापुद्रे सुटलेत. डिनेचर्ड अल्कोहोलचा बोळा घासला की वरचा थर निघतो, म्हणजे लॅटेक्स (पाण्यात मिसळणारा रंग). खालचा हलत नाही, म्हणजे ऑइल पेंट. खालचा गुळगुळीत थर न घासताच वर लॅटेक्स मारलेला दिसतो. घर 1978 च्या, म्हणजे अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी येण्याच्या आधीचं, त्यामुळे रंगात शिसं गृहीत धरून कोरडं घासणं बाद. पाणी फवारून खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक.

आता सांगा, बॉन्डिंग प्रायमर (नवा रंग धरून ठेवणारं अस्तर) ऑइलचा की पाण्याचा? इथल्या दमट हवेत मीटरवर लाकडाची ओल 15 टक्क्यांखाली येईपर्यंत थांबावं का? बुरशीसाठी वेगळं औषध मिसळावं, की 'मिल्ड्यू रेझिस्टंट' डबा पुरे? आणि ऐतिहासिक भागात छताची छटा बदलायला बोर्ड ऑफ आर्किटेक्चरल रिव्ह्यूची (इमारतींचं रूप तपासणाऱ्या शहराच्या मंडळाची) परवानगी लागते का?