मदत हवी आहे: आइसबॉकमध्ये सोया सॉसचा वास, दोष की मुरलेपण?

12 टक्के अल्कोहोलची आइसबॉक. ही बिअर उकळून नाही, गोठवून कडक करतात: पाणी 0 अंशाला गोठतं, अल्कोहोल उणे 114 ला; बर्फ काढला की अल्कोहोल, गोडी, कडूपणा सगळंच दाट. म्हणून मनुका, काकवी, जळक्या साखरेची चव ठीकच. पण ग्लास 12 अंशांवर आला की सोया सॉस आणि ओला पुठ्ठा! पुठ्ठा म्हणजे हवा लागली. नाशिकच्या एप्रिलमध्ये बाटली फ्रिजबाहेर राहिली की होणारच. सोया सॉस मात्र मेलेल्या यीस्टचा की मुरलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), कसं ओळखायचं? 60 मिली ओतली तरी फेस नावाला नाही, तो गोठवतानाच गेला ना? वाइनरीत नाक तयार झालेल्यांनी जरूर सांगा.