मदत हवी: वेल्डिंगचं ऑटो डार्क हेल्मेट घेतलं तरी सांधा दिसत नाही

गच्चीवरचा_कारखाना (इंदूर): चौकोनी पाइपचं कुंड्यांचं स्टँड करतोय. सियागंजातून नवीन ऑटो डार्क हेल्मेट आणलं, वेल्डिंग सुरू होताच काच आपोआप काळी होणारं. आर्क (वेल्डिंगची ज्योत) पेटला की नुसता हिरवा गोळा, सांधा गायब. रॉड भलतीकडेच जातो. रविवारी पाहुणे आहेत. दुसरं कोणतं हेल्मेट घेऊ ते सांगा, भाषण नको.

जुना_फिटर: रॉड कितीचा? अँपिअर किती? शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, कितीवर?

गच्चीवरचा_कारखाना: अडीच मिमीचा, ७०-७५ अँपिअरवर. शेड फुल. डोळे महत्त्वाचे.

जुना_फिटर: फुल म्हणजे १३! अहो, एवढ्या करंटला १० पुरे, फार चमकलं तर ११. चांगल्या हेल्मेटचा फिल्टर काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवतोच. शेड फक्त उजेड कमी करते.

लोखंडप्रेमी: ऑटोबिटो सगळी फॅशन. हातात धरायची साधी काळी काच घ्या. आम्ही त्यावरच शिकलो.

जुना_फिटर: आणि पाइप कोण धरणार, शेजारी?

मंदा_काकू: रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात, फार गार वाटतं.

जुना_फिटर: काकू, त्यांना दिसत नाहीये, डोळे आलेले नाहीत. आर्क लागला तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तेव्हा डॉक्टर गाठायचा. बटाटा रश्श्यात घाला.

चष्मेवाली: वय काय? चष्मा आहे?

गच्चीवरचा_कारखाना: ५३. प्रोग्रेसिव्ह (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत) आहे, पण हेल्मेटमध्ये अडकतो म्हणून काढून ठेवतो. त्याचा काय संबंध? शेड १० केली, गोळा लहान झाला, सांधा अजून धूसर.

चष्मेवाली: संबंध तोच तर आहे! जवळचं दिसायला नंबर लागतो, तो हेल्मेट कुठून देणार? प्रोग्रेसिव्ह घातलात तरी जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, मग मान वर करून वेल्डिंग कराल. कामाला बसता तसे बसा, डोळ्यापासून सांध्यापर्यंत टेपने मोजा आणि त्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करा, पॉलिकार्बोनेटचा. नाहीतर हेल्मेटच्या आत बसणारी भिंगाची पट्टी मिळते, साधारण १ ते २.५ नंबरपर्यंत. तुमच्या हेल्मेटला तिची खाच आहे का ते आधी बघा. आणि स्लॅग (सांध्यावरची कडक खपली) ठोकताना हेल्मेट वर असतं, तेव्हा चष्म्यावरून गॉगल हवाच. नंबरचा साधा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे.

लोखंडप्रेमी: उन्हात बसत असतील. मागून ऊन आत शिरलं की काचेवर स्वतःचंच नाक दिसतं. उन्हाकडे तोंड करा.

जुना_फिटर: म्हणजे सेन्सर उन्हानेच काच काळी करेल. सावलीत बसा, मानेमागे कापड सोडा, सांध्यावर बाजूने दिवा मारा. नव्या काचेवर दोन्ही बाजूंनी पातळ फिल्म असते, ती काढलीत ना?

मंदा_काकू: स्टँड झालं की फोटो टाका. रामबागेत आमच्या गॅलरीला असंच हवंय, पण चाकांचं.