ब्रश स्क्रिप्ट नावापुरता शोभतो, मजकुरात नाही

निमंत्रणपत्रिकेचा सगळाच मजकूर ब्रश स्क्रिप्ट या कुंचल्याने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या रोमन टंकात (फॉन्टमध्ये) घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या टंकनिर्मिती कंपनीसाठी रेखाटलेल्या या टंकातील लहान अक्षरे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे, ओळ भरण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवले की नेमके ते जोड तुटतात आणि कुंचल्याच्या सलग फटकाऱ्याचा भास तिथेच संपतो. संपूर्ण शब्द कॅपिटल अक्षरांत घेणे तर त्याहून वाईट, कारण ती अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात. अगदी लहान आकारात ‘ई’ (e) या लहान रोमन अक्षराची आतली पोकळी शाईने बुजू लागते, हे छापील नमुना भिंगाखाली धरल्यास लगेच दिसते. म्हणून नाव किंवा दोन-तीन शब्दांचे शीर्षक मोठ्या आकारात या टंकात घ्यावे आणि तारीख, वेळ, पत्ता साध्या सरळ टंकात ठेवावा. शीर्षकात एकच अक्षर लागोपाठ आले असेल, तर एकाच अक्षराची पर्यायी रूपे असलेला ओपनटाइप (संगणकीय फॉन्टचा एक प्रकार) फॉन्ट निवडावा, कारण दोन हुबेहूब सारखे फटकारे कोणाच्याही हातून उमटत नाहीत.