प्रतिसाद: रंगद्रव्य पेशीत शिरते कसे?

कॅल्शियम मोजण्यासाठी प्रत्येक पेशीत सुईने रंगद्रव्य (कॅल्शियमला बांधले गेल्यावर ज्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून परत टाकलेला प्रकाश, बदलते असा रेणू) टोचावे लागते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सियेन यांचे मला सर्वांत सुंदर वाटणारे काम याच अडचणीतून निघाले. त्यांनी १९८० साली मांडलेला 'बाप्टा' हा रेणू मॅग्नेशियमला जवळजवळ दाद न देता कॅल्शियम पकडत असे. परंतु त्यावरील ऋणभारित कार्बोक्सिलेट गटांमुळे तो पेशीपटल ओलांडू शकत नव्हता. त्यांनी १९८१ मध्ये हे गट एस्टर करून झाकले, त्यामुळे निर्भार झालेला रेणू आपोआप आत शिरतो आणि तेथे पेशीचीच एस्टरेझ (एस्टर तोडणारी) विकरे ते झाकण कापून त्याला आत अडकवतात. (या क्रियेत थोडे फॉर्मॅल्डिहाइड हे विषारी रसायनही सुटते, हे प्रयोग करताना विसरू नये.)

मापनाविषयी एक भर घालतो. बाप्टावरच बेतलेल्या १९८५ च्या 'फ्युरा-२' या रंगद्रव्यात ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित करून मिळणाऱ्या प्रतिदीप्तीचे गुणोत्तर घेतात. त्यामुळे पेशीची जाडी किंवा रंगद्रव्याचे कमीअधिक प्रमाण मापनात फारसा घोटाळा करत नाही. विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे अत्यल्प, असते, म्हणून ही काटेकोरता अत्यावश्यक ठरते.