मोठ्या माणसांच्या जुलाबात विषाणू शोधायचा तर नमुना कसा घ्यावा, चाचणी कोणती करावी?

म्हापसा_लॅब:
पावसाळा लागला की पातळ संडासचे नमुने वाढतात. आमच्याकडे कल्चर आहे, हँगिंग ड्रॉप (कॉलराचे जंतू हलताना पाहायची तपासणी) आहे आणि कोविडच्या वेळचे रिअल-टाइम पीसीआर मशीनही आहे. रुग्ण २० ते ६० वयाचे. रक्त नाही, ताप जेमतेम, उलट्या मात्र जोरात, आणि कल्चर निगेटिव्ह. लहान मुलांसाठी आणलेले रोटाव्हायरसचे रॅपिड कार्ड लावले तर रेघ उमटत नाही. मोठ्यांत नेमके कोणते विषाणू पाहायचे? याच मशीनवर जमेल का?

रेणूपारखी:
जमेल. आधी त्या कार्डाचे बघू. ते गट 'अ'च्या रोटाव्हायरसचे व्हीपी६ प्रथिन पकडते. मोठ्यांच्या शौचात हा विषाणू मुलांच्या मानाने कमी उतरतो, म्हणून रेघ येत नाही. चीनमध्ये मोठ्यांत साथी आणणारा आणि कोलकात्यातही सापडलेला गट 'ब' तर त्या कार्डाला दिसतच नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे मात्र सर्वांत आधी नोरोव्हायरसकडे बोट दाखवतात. तेव्हा सुरुवात नोरोच्या जीआय आणि जीआयआय या दोन गटांपासून करा, दोघांना वेगळे प्रोब (लक्ष्य सापडले की चमकणारे तुकडे) लावून. त्यानंतर सॅपोव्हायरस, अॅस्ट्रोव्हायरस, रोटा 'अ' आणि अॅडेनोव्हायरसचे ४०/४१ हे प्रकार.

नमुना जुलाब सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत घ्या. स्वॅबपेक्षा खरे शौच बरे. डबी कोरडी, फिरकीच्या झाकणाची आणि रिकामी हवी. फॉर्मॅलिन घातलेला नमुना पीसीआरला निकामी होतो. कॅरी-ब्लेअर (जिवाणू जिवंत ठेवणारे वाहक माध्यम) कल्चरसाठी वेगळे ठेवा, त्यात नमुना पातळ होतो. (बायोफायरच्या एकदम २२ जंतू शोधणाऱ्या तयार पॅनेलला मात्र कॅरी-ब्लेअरमधलाच नमुना लागतो, म्हणून किटचा कागद आधी वाचा.) काणकोण, पेडण्याहून येणारी डबी बर्फाच्या पॅकसोबत ४ अंशांवर आली पाहिजे. जास्त दिवस ठेवायची असेल तर छोटे भाग करून उणे ७० अंशांवर. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

पुढची कृती अशी. १०० मायक्रोलिटर पातळ शौच ९०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफरमध्ये) घालून १ मिनिट व्हॉर्टेक्स करा, मग सेंट्रिफ्यूज. वरचे निवळ १४० मायक्रोलिटर घेऊन कॉलम किटने आरएनए काढा आणि ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवा. लायसिसच्या (विषाणू फोडण्याच्या) वेळीच एमएस२ फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) घाला, म्हणजे आतला कंट्रोल मिळतो. नोरोचे प्रायमर ओआरएफ१-ओआरएफ२ या जनुकभागांच्या सांध्यावरचे घ्या, तो भाग सर्वांत कमी बदलतो. सायकल: ४५ अंश १० मिनिटे, ९५ अंश १० मिनिटे, मग ४५ वेळा ९५ अंश १५ सेकंद आणि ६० अंश १ मिनिट. वेगळे एन्झाइम असेल तर त्याच्या कागदाप्रमाणे.

हमखास चुकते ते इथे: रोटाव्हायरसचा आरएनए दुहेरी धाग्याचा असतो. तो ९५ अंशांवर ५ मिनिटे तापवून लगेच बर्फात ठेवल्याशिवाय आरटीला (आरएनएपासून डीएनए करायच्या पायरीला) घातलात तर खरा पॉझिटिव्हही निगेटिव्ह येतो.

दुसरी अडचण शौचातल्या अवरोधकांची, म्हणजे पित्तक्षार आणि पॉलिसॅकराइड. एमएस२चा सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा) निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा ३ सायकल मागे पडला की आरएनए १:१० पातळ करून पुन्हा लावा. अवरोध नसता तर सीटी सुमारे ३.३ ने वाढला असता. तो तसाच राहिला किंवा उलट घसरला, तर समजा अवरोधक होते.

कळंगुट_जीपी:
माझे एक सांगणे. प्रत्येक मोठ्या माणसाला ही चाचणी लावू नका. ७ दिवसांच्या आतले पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही आणि प्रतिकारशक्ती धड असेल, तर निकाल काहीही येवो, उपचार ओआरएसच. भाताच्या पेजेसारखे जुलाब असतील तर आधी कॉलरा बघा, पीसीआर नंतर. विषाणू जरूर शोधावा तो अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत, केमो चालू असलेल्यांत आणि एचआयव्हीत. तिथे नोरो महिनोन्‌महिने टिकतो. त्याच रुग्णांत सीएमव्ही या विषाणूचा कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) असेल तर शौचाच्या पीसीआरवर विसंबू नका, बायोप्सी लागते.

तिसऱ्यो_तपास:
एका हॉटेलातले किंवा लग्नाच्या जेवणातले बरेच जण एकदम आजारी पडले, तर गोष्ट वेगळी. किमान ५ जणांचे शौच घ्या. २ किंवा अधिक पॉझिटिव्ह आले तर साथ नोरोची ठरते. नोरोची एलायझा (विषाणूचे प्रथिन पकडणारी चाचणी) इथे प्राथमिक अंदाजापुरती चालते, एकट्या रुग्णात तिचा निगेटिव्ह धरू नका. नमुने हाती येण्याआधी कॅप्लानचे १९८२चे निकष लावा: निम्म्याहून अधिकांना उलट्या, अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा) सरासरी २४ ते ४८ तास, आजार १२ ते ६० तासांचा, जिवाणू नाही.

तिसऱ्यो, कालवे, शिनाणे खाल्ले का, हे विचाराच. ही शिंपली पाणी गाळून विषाणू पचनग्रंथीत साठवतात. शिंपले उघडले म्हणजे शिजले, असे नव्हे. आतल्या मांसाला ९० अंश ९० सेकंद मिळायला हवेत. आणि आजारी स्वयंपाकी लक्षणे थांबल्यावरही ४८ तास स्वयंपाकघराबाहेर.

म्हापसा_लॅब:
एका नमुन्यात नोरो जीआयआयचा सीटी ३७ आहे. पॉझिटिव्ह लिहू?

रेणूपारखी:
आधी त्या रनमधला रिकामा एक्स्ट्रॅक्शन कंट्रोल (शौच न घालता तशीच कृती केलेली नळी) बघा. नोरोच्या पहिल्या दिवसांतल्या १ ग्रॅम शौचात अब्जावधी प्रती असू शकतात, त्यामुळे शेजारच्या नळीतून सहज मिसळण होते. बेंच अल्कोहोलने पुसून भागत नाही. ५ टक्के क्लोरीनचे ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग, १० मिनिटे राहू द्या. मग मूळ शौचातून नव्याने आरएनए काढून दोन वेलमध्ये लावा. दोन्ही उठल्या तर 'नोरोव्हायरस जीआयआयचा आरएनए कमी प्रमाणात आढळला' असे लिहा. आजार त्यानेच झाला असे लिहू नका. बरे झाल्यावरही काही आठवडे तो शौचातून जातो, आणि लक्षणे नसलेल्यांतही सापडतो. रिपोर्टवर जुलाब सुरू झाल्याची तारीख हवी. तारखेशिवाय सीटी ३७ वाचणाऱ्या डॉक्टरांना काहीच कळणार नाही.