मदत हवी आहे: १२ए रोटरीचं ट्रेलिंग टायमिंग जुळत नाही
१९८५ची माझदा आरएक्स-७, १२ए रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) इंजिन, मूळ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग). प्रत्येक रोटरला दोन प्लग: आधी पेटणारा लीडिंग (एल), नंतरचा ट्रेलिंग (टी). इंजिन गरम, आयडल ७५० आरपीएम, व्हॅक्यूमच्या दोन्ही नळ्या काढून बुजवल्यात. टायमिंग लाइटचा (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याचा) क्लॅम्प एल१ वर (पहिल्या रोटरच्या लीडिंग वायरवर) लावला की पुलीवरची पिवळी खूण बरोब्बर इंजिनवरच्या पिनसमोर येते. टी१ वर मात्र लाल खूण पिन ओलांडून साधारण ५ अंश पुढे गेलेली दिसते. कॅप, रोटर, वायरी नव्या. एल-टी अदलाबदल नाही.

ट्रेलिंगचं व्हॅक्यूम युनिट सरकवून खूण जुळवता येईल, पण स्प्लिट (दोन ठिणग्यांमधलं अंतर) २० अंशांहून कमी झाला तर नॉकिंग (अवेळी स्फोट) होऊन एपेक्स सीलचाच (रोटरच्या टोकावरच्या पट्टीचा) बळी जायचा धोका वाटतो. संशय पुलीवर आहे, ती १३बी या मोठ्या रोटरी इंजिनाची असावी: १९८६पासूनच्या १३बीवर पिवळी खूण शून्याची नसून ५ अंश उशिराची असते.

पिस्टन नाही, त्यामुळे तो अडवून टीडीसी (शून्य अंशाची जागा) शोधायचा स्टॉप लावायची सोय नाही. मग फ्रंट कव्हर न उघडता, प्लगच्या भोकातून एपेक्स सील बघून खरं टीडीसी कसं काढायचं? लीडिंगच्या भोकातून की ट्रेलिंगच्या?