उत्तरे पाठ करण्याविषयी

अमेरिकी विद्यापीठाच्या प्रवेश मुलाखतीला अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करून जावे, अशी सूचना इथे कोणी केली आहे; ती मला पटली नाही. अशी मुलाखत घेणारा त्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी हा स्वयंसेवक असतो. त्याच्यासमोर सहसा आपला अर्ज वा गुण नसतात, तो संभाषणाचा अहवाल पाठवतो आणि निर्णय प्रवेश समिती घेते. तेव्हा गुणपत्रिका तोंडी म्हणून दाखवण्यात काय हशील? माझी भाची सरावात रोबोटिक्सचे घोकलेले उत्तर देताना तीनदा अडखळली. पण आजोबांच्या मागावर चादरीची नक्षी कशी उमटते, जॅकार्डच्या (मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) पुठ्ठ्याला भोक असेल तिथलाच उभा धागा कसा उचलला जातो, हे विचारताच ती दहा मिनिटे (हातवाऱ्यांसह) बोलत राहिली. मुलाखतीतही तिने तेच सांगितले.

नियमित फेरीच्या (म्हणजे लवकरच्या नव्हे, नेहमीच्या मुदतीत केलेल्या अर्जांच्या) मुलाखती अनेकदा जानेवारीत, म्हणजे आपल्या सोलापुरात ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत येतात. मुलाखत घेणारा बोस्टनमध्ये असेल, तर हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे वेळ ठरवताना दोन्हीकडची तारीख लिहून कळवावी. मुलाखतीच्या शेवटी आपल्यालाही प्रश्न विचारायला सांगतात. तेव्हा संकेतस्थळावर मिळणारी माहिती न विचारता, मुलाखत घेणाऱ्याचे त्या विद्यापीठातले पहिले वर्ष कसे गेले हे विचारावे.